हिमनदीचा जमाखर्च

बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या अहमदपुरासारख्या गावी बर्फाची ओळख फारशी नसते. रसवंतीत भुशाखाली झाकून ठेवलेली लादी, लग्नसराईत सरबताच्या पिंपात टाकलेले खडे, आणि आभाळ कोपले म्हणजे पडणारी गार, एवढाच काय तो त्याचा परिचय. २०१४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिने रब्बीची उभी पिके आडवी केली. पण त्या गारांचे आयुष्यही घटका दोन घटकांचेच. अशा प्रदेशातील माणसास हिमालयातील हिमनद्यांचे वृत्त सांगू लागले, तर ते त्यास परक्या मुलखाचे वाटावे हे साहजिक आहे.

तथापि हिमनदीविषयी शास्त्रज्ञ आज जो प्रश्न विचारीत आहेत, तो अहमदपूरच्या शेतकऱ्यास मुळीच परका नाही. ‘आज विहिरीत पाणी किती’ एवढ्यावर जाणता शेतकरी कधी समाधान मानीत नाही. गेल्या साली याच सुमारास पाणी कोणत्या पायरीला होते, पावसाने त्यात किती भर घातली, आणि पूर्वी मोटेने व आता पंपाने किती उपसले गेले, हे तो मनाशी ताडून पाहतो. म्हणजेच शिल्लक, जमा आणि खर्च या तिन्ही रकमा तो मांडतो. हिमनदीचाही नेमका हाच हिशेब मांडावयाचा असतो. तो कसा मांडतात, त्यासाठी कोण कोठे जातात आणि त्यातून आजवर काय निष्पन्न झाले, याचा परामर्श घेणे हा या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम हिमनदी म्हणजे काय ते पाहू. उंच पर्वतावर हिवाळ्यात पडलेले हिम सगळेच्या सगळे उन्हाळ्यात वितळत नाही. जे उरते त्यावर पुढच्या हिवाळ्यात नवा थर बसतो, त्यावर आणखी एक. ताजे हिम पिंजलेल्या कापसासारखे हलके असते. त्याच्या पोकळीत हवाच अधिक. पण वरचा भार वाढत गेला म्हणजे खालची हवा निघून जाते, हिमाचे कण एकमेकांत रुतून बसतात आणि कित्येक वर्षांनी त्याचा घट्ट, निळसर बर्फ बनतो. हा बर्फ दिसावयास दगडासारखा कठीण. परंतु पुरेसा जाड झाला की तो स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. त्याची चाल इतकी मंद असते की वर्षाकाठी तो कोठे काही मीटर, तर कोठे काही दशके मीटर पुढे जातो. पण तो वाहतो यात शंका नाही, आणि म्हणूनच त्यास नदी हे नाव शोभते.

या नदीचे दोन भाग कल्पावे. वरच्या भागात हवा इतकी थंड असते की तेथे वर्षभरात पडलेले हिम वितळलेल्या हिमापेक्षा अधिक भरते. हा जमेचा प्रांत. खालच्या भागात उष्णता अधिक. तेथे हिवाळ्यात पडलेले सर्व हिम तर वितळतेच, शिवाय त्याखालचा जुना बर्फही वितळू लागतो. हा खर्चाचा प्रांत. दोहोंच्या मध्ये जी रेषा असते, तेथे जमा आणि खर्च बरोबर होतात. तिला समतोल रेषा म्हणता येईल. ज्या वर्षी ऊन कडक किंवा हिमवर्षाव कमी, त्या वर्षी ही रेषा डोंगर चढून वर जाते. ज्या वर्षी हिम भरपूर, त्या वर्षी ती खाली उतरते. वरचा बर्फ सरकत खाली येतो आणि खालची तूट भरून काढतो. घरातील कर्ता मिळवतो आणि बाकीचे खातात, तसाच हा संसार. मिळकत आणि खाणे यांचा मेळ असेतोवर हिमनदी आहे तेवढीच राहते.

आता हिमनदी रोडावली की धष्टपुष्ट झाली, हे कसे ओळखावे? सामान्य माणूस दोन गोष्टींवरून अनुमान करतो आणि दोहोंतही त्याची फसगत होण्याचा संभव असतो. पहिली गोष्ट म्हणजे हिमनदीचे मुख. गंगोत्री हिमनदीचे मुख म्हणजेच गोमुख. तेथे जाऊन आलेला यात्रेकरू सांगतो की पूर्वी बर्फ अमुक खडकापर्यंत होता, आता तो मागे सरकला. हे निरीक्षण खरे असते. परंतु मुख हे हिमनदीचे फार उशिरा बोलणारे अंग आहे. वरच्या प्रांतात पडलेल्या तुटीची वार्ता मुखापाशी पोचावयास मोठ्या हिमनदीत कित्येक दशके लागतात. म्हणजे आज मुख मागे हटलेले दिसते, ते मागल्या पिढीतील हवामानाचे उत्तर असू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे हिमनदीतून निघणारे पाणी. नदी दुथडी भरून वाहताना पाहिली की सर्व क्षेम आहे असे वाटते. पण तेच पाणी संकटाचेही चिन्ह असू शकते. त्याचा विचार पुढे येईल.

मुख आणि प्रवाह या दोन्ही साक्षी अपुऱ्या, म्हणून शास्त्रज्ञांनी तिसरा मार्ग धरला. तो कष्टाचा, पण सरळ आहे: प्रत्यक्ष हिमनदीवर जाऊन वर्षाचा जमाखर्च मोजावयाचा. व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीला संपते, तसे हिमनदीचे वर्ष साधारणतः सप्टेंबरच्या अखेरीस संपते. त्या वेळी उन्हाळ्याची वितळण थांबलेली असते आणि नवे हिम पडावयाचे असते. तोच वही मिटण्याचा दिवस.

खर्चाच्या प्रांतात मोजणीचे साधन अगदी साधे आहे. ते म्हणजे बांबूची काठी. हिमनदीच्या अंगात खोल, अरुंद भोक पाडून तीत काठ्या उतरवतात. भोक पाडावयास वाफेचे यंत्र वापरतात. लहानशा बंद भांड्यात पाणी उकळून त्याची वाफ नळीवाटे बर्फात सोडली की तापलेल्या सळईने लोणी कापावे तसा बर्फ विरत जातो. काठी गोठून पक्की बसते. मग आजूबाजूचा बर्फ वितळू लागला म्हणजे ती हळूहळू उघडी पडते. गेल्या सप्टेंबरात तिचे टोक पृष्ठभागाशी असले आणि या सप्टेंबरात अडीच मीटर काठी वर दिसत असली, तर त्या जागी अडीच मीटर बर्फ गेला हे कळावयास गणिती लागत नाही. विहिरीच्या पायऱ्या मोजण्यासारखेच हे आहे. फरक इतकाच की येथे पायरीच दरवर्षी खाली जाते.

जमेच्या प्रांतात काठी पुरत नाही, कारण तेथे ती हिमाखाली गडप होते. तेथे खड्डा खणावा लागतो. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी पृष्ठभागावर बसलेली धूळ हिमात मळकट रेघेसारखी दिसते. त्या रेघेपर्यंत खणले की एका वर्षाची मिळकत हाती येते. पण नुसती खोली मोजून भागत नाही. पायली भुशाने भरली काय किंवा ज्वारीने भरली काय, माप एकच. वजन मात्र निराळे. म्हणून खड्ड्याच्या थराथरातून ठराविक मापाच्या नळीने हिम काढून तोलतात. ताज्या हिमाचे वजन तेवढ्याच पाण्याच्या दशांशाइतके असू शकते. बसलेल्या हिमाचे तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक. आणि घट्ट बर्फाचे पाण्याच्या नऊदशांश. सर्व मोजमाप शेवटी पाण्याच्या उंचीत बदलून घेतले म्हणजेच वरची जमा आणि खालचा खर्च एका नाण्यात आले असे होते.

केवळ समजुतीसाठी एक उदाहरण घ्यावे. एका हिमनदीचे पाच समान भाग आहेत. तीन जमेच्या प्रांतात, दोन खर्चाच्या. वर सरासरीने तीन मीटर हिम साठले आणि त्याचे वजन पाण्याच्या चारदशांश भरले. म्हणजे १२० सेंटिमीटर पाणी जमा. खाली अडीच मीटर बर्फ गेला. नऊदशांशाच्या हिशेबाने २२५ सेंटिमीटर पाणी खर्च. आता तीन भागांची जमा ३६०, दोन भागांचा खर्च ४५०. तूट ९०. ती पाच भागांवर वाटली म्हणजे सरासरी १८ सेंटिमीटर. म्हणजे त्या वर्षी सबंध हिमनदीवरून १८ सेंटिमीटर पाण्याइतका थर नाहीसा झाला. हिमनदीचा मोठा भाग जमेत असूनही एकंदर हिशेब तुटीचा निघाला, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मिळवते हात अधिक असले तरी खाणाऱ्यांची भूक मोठी असली की घर खालीच येते.

या पद्धतीने अखंड हिशेब ठेवण्याचा मान स्वीडनच्या उत्तर भागातील स्टोरग्लेसियारेन या लहानशा हिमनदीकडे जातो. तेथे १९४५-४६ पासून आजतागायत एकही वर्ष न चुकता मोजणी चालू आहे. भारतात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७४ च्या सुमारास हिमाचल प्रदेशातील बास्पा खोऱ्यात, गारा नावाच्या हिमनदीवर, असा वार्षिक हिशेब सुरू केला. परंतु हिमालयातील मोजणी पुष्कळदा काही वर्षे चालून खंडित होत असे. कारण उघड आहे. चार साडेचार हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत, पाठीवर काठ्या व यंत्रे घेऊन, बर्फातील भेगा चुकवीत वर्षानुवर्षे जाणे, हे एका माणसाच्या उत्साहाचे काम नव्हे. त्यास संस्थेचे पाठबळ लागते.

असे पाठबळ देणारी एक संस्था मराठी माणसाच्या शेजारीच आहे. गोव्यात वास्को द गामा येथे, समुद्राच्या काठी, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९९८ मध्ये ते दक्षिण ध्रुवाकडील मोहिमांसाठी स्थापन झाले. नारळी-पोफळीच्या प्रदेशातून बर्फाचा अभ्यास चालावा, ही मौजेची गोष्ट खरी. या केंद्राने २०१३ पासून हिमाचल प्रदेशाच्या लाहौल-स्पीती भागात, चंद्रा नदीच्या खोऱ्यातील सहा हिमनद्यांचा हिशेब हाती घेतला: बडा शिग्री, समुद्र टापू, सुत्री ढाका, बातल, गेपांग आणि कुंझम. २०१६ च्या ऑक्टोबरात तेथे, समुद्रसपाटीपासून १३,५०० फुटांहून अधिक उंचीवर, ‘हिमांश’ नावाचे संशोधनस्थानक उघडण्यात आले. आपोआप नोंद ठेवणारी हवामानयंत्रे, प्रवाहाची उंची मोजणारे मापक, बर्फाच्या तळाचा ठाव घेणारे रडार, काठ्या रोवण्याचे वाफेचे यंत्र, अशी साधने तेथे आहेत. हिवाळ्यात वाटा हिमाखाली बंद होतात. म्हणून माणसांनी करावयाचे काम उन्हाळ्यातील मोजक्या महिन्यांतच उरकावे लागते.

चंद्रा हे नाव ऐकून वारकऱ्याच्या मनात काही हलल्यावाचून राहणार नाही. ही चंद्रा तांदी येथे भागा नदीस मिळते आणि दोघी मिळून चंद्रभागा होतात. पुढे तिलाच चिनाब म्हणतात व ती सिंधूच्या पाण्यात भर घालते. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे चंद्रकोरीसारखे वळण घेतलेली भीमा. ती पावसावर जगते. हिमालयातील चंद्रभागा मात्र हिमावर जगते. नाव एक, परंतु एकीची मिळकत दर वर्षी नवी, तर दुसरीच्या मिळकतीत वाडवडिलांच्या ठेवीचा वाटा.

या सहा हिमनद्यांचा २०१३ ते २०२० या काळातील हिशेब केंद्राने मांडला आहे. वर्षाकाठी तूट कोठे ३० सेंटिमीटर पाण्याइतकी, तर कोठे ११३ सेंटिमीटरपर्यंत आढळली. एकाच खोऱ्यातील हिमनद्यांत एवढे अंतर का, हा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे एक कारण दगडमाती. ज्या हिमनदीच्या अंगावर दगडगोट्यांची जाड गोधडी पसरलेली असते, तिला उन्हाची झळ कमी लागते. पण तीच माती बोटभरदेखील नसली, नुसती धुळीसारखी पातळ असली, तर ती ऊन शोषून घेते आणि वितळण उलट वाढवते. दुसरे कारण हिमाचा शुभ्र रंग. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी दहांतले आठ वाटे परत पाठवते. उघडा, मळकट बर्फ निम्म्याहून कमी. म्हणून उन्हाळ्याच्या मध्यावर एखादा हिमवर्षाव झाला तर हिमनदीस चांदणीखाली बसवल्यासारखे होते, आणि हिवाळ्याचे हिम लवकर संपले तर सबंध ग्रीष्म तिला उघड्या डोक्याने काढावा लागतो. हवा तापल्याने नुसते वितळणेच वाढते असे नव्हे. जे हिम म्हणून पडावयाचे ते पाऊस म्हणून पडू लागते. म्हणजे खर्च वाढतो आणि त्याच वेळी जमाही घटते.

याच खोऱ्यातील छोटा शिग्री या हिमनदीची वही अधिक जुनी आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे अभ्यासक फ्रेंच सहकाऱ्यांसह २००२ पासून तेथे काठ्या रोवीत आले. ही हिमनदी सुमारे नऊ किलोमीटर लांब व साडेपंधरा चौरस किलोमीटर विस्ताराची आहे. तिच्या वहीतील पाने एकसारखी नाहीत. २००२-०३ साली जवळजवळ दीड मीटर पाण्याची तूट आली. २००९-१० साली उलट तेहेतीस सेंटिमीटरची बचत झाली. ज्याने फक्त हे दुसरे पान पाहिले तो म्हणेल, हिमनदी वाढते आहे. ज्याने पहिले पाहिले तो म्हणेल, ती लवकरच संपणार. दोघेही चुकतील. २००२ ते २०१४ या बारा वर्षांची बेरीज केली, तेव्हा सरासरीने दर वर्षी ५६ सेंटिमीटर पाण्याची तूट निघाली. मोजणाऱ्यांनी त्या आकड्याबरोबरच, तो ४० सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे असू शकेल, असेही प्रामाणिकपणे लिहून ठेवले. शास्त्रात आपल्या मापाचा थरकाप लपवीत नाहीत, तोही मोजतात.

५६ सेंटिमीटर हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. पण साडेपंधरा चौरस किलोमीटरांवर तो पसरला म्हणजे सुमारे ८६८ कोटी लिटर पाणी होते. मराठवाड्यास समजेल अशा मापात सांगावयाचे, तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातुरास पाण्याची आगगाडी येत असे. एप्रिलातल्या पहिल्या गाडीस दहा डबे होते, पुढे ते पन्नास झाले. पन्नास डब्यांची गाडी २५ लाख लिटर पाणी आणी. त्या हिशेबाने एका मध्यम हिमनदीची एका वर्षाची तूट जवळजवळ साडेतीन हजार गाड्या भरते. म्हणजे रोजच्या नऊ किंवा दहा. आणि भारतीय हिमालयात हिमनद्यांची गणती ९,५७५ इतकी आहे.

एवढ्या हिमनद्यांवर काठ्या कोण रोवणार? अर्थात हे अशक्य आहे. म्हणून दुसऱ्या पद्धतींचा आधार घेतात. आकाशातून घेतलेल्या जोडचित्रांवरून पृष्ठभागाची उंची काढता येते; दहा-वीस वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन नकाशांची वजाबाकी केली की किती बर्फ खचला ते कळते. अमेरिकेने १९७० नंतरच्या दशकात हेरगिरीसाठी घेतलेली उपग्रहचित्रे पुढे खुली झाली, आणि त्यांचा असाच सदुपयोग झाला. हिमालयाच्या दोन हजार किलोमीटर पट्ट्यातील सुमारे ६५० हिमनद्या त्यांच्या साह्याने तपासल्या, तेव्हा २००० ते २०१६ मधील वार्षिक तूट ही १९७५ ते २००० मधील तुटीच्या दुप्पट असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अनिल कुलकर्णी यांनी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात असताना, उन्हाळ्याअखेरीस हिमनदीचा किती भाग हिमाने झाकलेला उरतो हे उपग्रहचित्रांत पाहून तिच्या जमाखर्चाचा अंदाज बांधण्याची रीत हिमालयास लागू केली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा या खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांचे क्षेत्र मोजले. १९६२ मध्ये ते २,०७७ चौरस किलोमीटर होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ते १,६२८ भरले. म्हणजे पंचमांश क्षेत्र गेले. याखेरीज २००२ मध्ये सोडलेल्या जोडउपग्रहांनी पृथ्वीच्या आकर्षणातील सूक्ष्म फरकावरून सबंध पर्वतराजीचे वजनच तोलण्यास आरंभ केला. तरीही काठीचे महत्त्व उणावत नाही. उपग्रहाचा आकडा खरा की खोटा, हे पारखावयास शेवटी बर्फात रोवलेल्या त्या बांबूकडेच यावे लागते.

मोजल्यावाचून बोलण्याचा परिणाम काय होतो, याचा दाखलाही याच विषयात घडला. हवामानबदलाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याचा मोठा संभव आहे, असे एक विधान शिरले. त्यास पुरेशा मापांचा आधार नव्हता. जानेवारी २०१० मध्ये मंडळास त्याबद्दल खेद प्रकट करावा लागला. तेवढ्यावरून काही लोक उलट टोकास गेले आणि हिमनद्यांस काहीच झालेले नाही असे म्हणू लागले. भय आणि निश्चिंती ही दोन्ही न मोजता येतात, म्हणूनच ती स्वस्त असतात. त्यानंतर जमलेल्या मापांनी दोघांसही उत्तर दिले. हिमनद्या पंचवीस वर्षांत नाहीशा होत नाहीत. पण त्या घटत आहेत, आणि घटण्याचा वेग वाढत आहे. जगभरच्या मापांचा मेळ घालून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, २००० ते २०२३ या काळात पृथ्वीवरील हिमनद्यांनी दर वर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला, आणि २००० सालच्या साठ्यातील सुमारे वीसावा हिस्सा तेवढ्या अवधीत संपला.

आता मागे राहिलेल्या प्रश्नाकडे वळू. हिमनदी रोडावत असता नदीचे पाणी कमी झालेले का दिसत नाही? एखाद्या घराण्यात मिळकत बंद पडली, पण आजीच्या पेटीतील दागिने एकेक करून मोडीत निघू लागले, तर काही वर्षे त्या घरात पूर्वीपेक्षाही अधिक पैसा खेळताना दिसेल. शेजाऱ्यांस वाटेल, भरभराट आहे. हिमनदीचे तसेच होते. तूट वाढली की आरंभी नदीस अधिक पाणी येते. शेतकरी नवे कालवे काढतो, शहरे वाढतात, आणि त्या वाढीव पाण्याची सवय जडते. पुढे बर्फाचा पृष्ठभागच इतका लहान होतो की कितीही ऊन पडले तरी वितळावयास फारसे उरत नाही, आणि मग प्रवाह उतरणीस लागतो. हा कळस कोणत्या खोऱ्यात केव्हा येईल, ते नदीच्या काठी उभे राहून समजत नाही. ते ज्याने वरची वही राखली आहे त्यासच सांगता येते. सिंधूच्या खोऱ्यास हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण तेथे पावसाचा आधार थोडा. गंगा मैदानात उतरल्यावर तिच्या पाण्यात पावसाचाच वाटा मोठा असतो. पण पाऊस उशिरा आला म्हणजे उन्हाळ्याच्या टोकास जी धार टिकून राहते, तीत बर्फाची पुंजी असते. दुष्काळातच तिची खरी किंमत कळते.

मराठवाड्याची स्थिती यापासून काही अंशी निराळी व काही अंशी तीच आहे. येथे हिमाचा ठेवा नाही. काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि वरच्या मुरुमात जेवढे पाणी मुरते तेवढाच ठेवा. तोही मोजला जातो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठराविक निरीक्षण-विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. त्यांपैकी ऑक्टोबरची नोंद जमेची, मेची नोंद खर्चाची. गंमत अशी की चंद्रा खोऱ्यात याच्या नेमके उलट घडते. मे महिन्याच्या सुमारास, जेव्हा अहमदपूरच्या विहिरींचा तळ दिसू लागतो, तेव्हा हिमनदीचे कोठार हिवाळ्याच्या हिमाने काठोकाठ असते. आणि पावसाळा संपून विहिरी तुडुंब होतात, तेव्हा हिमनदी वर्षाच्या सर्वांत कृश अवस्थेत असते. पण दोन्हीकडे वही तीच, रकाने तेच. कित्येक शेकडो फूट खोल विंधनविहीर घेतल्यावर जे पाणी उसळून येते, त्यासही भरभराट समजण्याची चूक होते. तेही पुष्कळदा जुन्या ठेवीतलेच असते.

तथापि एका बाबतीत मराठवाडा भाग्यवान म्हणावा लागेल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरची तहान आगगाडीने भागवावी लागली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरले. मन्याडीच्या काठची विहीर आटली तरी एक चांगला पाऊस तिची पुष्कळशी तूट भरून काढतो. काळा पाषाण थोडे धरतो, पण त्याचा राग लवकर शमतो. हिमनदीचे तसे नाही. तिच्यात थरावर थर बसून जी पुंजी झाली, ती शतकानुशतकांची आहे. एखाददुसऱ्या वर्षीच्या बचतीने ती परत येत नाही. छोट्या शिग्रीच्या बारा वर्षांत बचतीची वर्षे होती. तरी बेरजेत पावणेसात मीटर पाण्याइतका थर गेलाच. विहीर चूक पोटात घालते; हिमनदी ती वर्षानुवर्षे लिहून ठेवते.

म्हणूनच त्या बर्फात रोवलेल्या बांबूच्या काठीचे मोल मोठे आहे. ती हिमनदी वाचवू शकत नाही; वाचवावयाचे ते हवेत धूर आणि काजळी कमी सोडण्याने, आणि ते काम अनेक देशांचे आहे. पण शिल्लक किती आहे हे ठाऊक असल्यावाचून खर्चास आळा घालण्याची बुद्धी कोणत्याही घरास होत नाही. दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी काही माणसे चंद्रेच्या खोऱ्यात काठ्यांची उंची पाहून वहीत आकडा लिहितात, आणि ऑक्टोबरात मराठवाड्यातील विहिरींत टेप सोडून दुसरी काही माणसे दुसरा आकडा लिहितात. अशा नोंदी एका वर्षात फारसे काही सांगत नाहीत, दहा वर्षांत बोलू लागतात, आणि पन्नास वर्षांनी त्यांच्यावाचून कोणाचेच चालत नाही. त्यांच्यात खंड पडू न देणे एवढीच आजच्या पिढीकडे मागणी आहे. अहमदपूरच्या शाळकरी मुलानेही आपल्या घरच्या किंवा गल्लीतल्या विहिरीचे पाणी महिन्याच्या पहिल्या तारखेस दोरीने मोजून वहीत मांडावयास आरंभ केला, तर तोही याच मोठ्या हिशेबातील एक कारकून ठरेल. आणि पाण्याच्या बाबतीत आज कारकुनांचीच उणीव अधिक आहे.